अलीगढचे मराठीचे सर

उत्तर प्रदेशातल्या अलीगढमध्ये मराठी शिकायला येऊन येऊन किती विद्यार्थी येणार? तरी डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस १९८८ पासून तिथल्या मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत राहिले. मूळचे नागपूरचे. मराठीत पीएच.डी., पुढे आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. कविता लिहायचे, ‘पायाखालची हिरवळ’ या संग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. हे आधी सांगायचं कारण असं, की आपल्यातल्या पुष्कळांना सर माहीत झाले ते ‘अलीगढ’ या हिंदी सिनेमामुळे, तेही मनोज बाजपेयींच्या चेहऱ्याने. कवी म्हणून मराठीत त्यांची आठवण निघताना मी तरी फारशी ऐकलेली नाही.

८ फेब्रुवारी २०१० ला काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये घुसली. सर आणि एक सायकलरिक्षावाला, दोघांचं एकांतातलं चित्रण झालं. घरात घुसणाऱ्यांना जाब विचारायचा सोडून विद्यापीठाने दुसऱ्याच दिवशी निलंबित केलं ते सरांना. गैरवर्तनाचा ठपका, क्वार्टर सोडायचा हुकूम. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती.

गंमत, खरं तर क्रूर गंमत, अशी की त्या दिवशी कायदा सरांच्या बाजूने होता. जेमतेम सात महिन्यांपूर्वी, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला होता: सज्ञान माणसांनी राजीखुशीने, खासगीत ठेवलेला समलिंगी संबंध गुन्हा नाही. खंडपीठावर आपल्या सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर होते. असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या, दंडविधानातल्या १८६० पासूनच्या कलम ३७७ ला पडलेलं ते पहिलं मोठं खिंडार. पण निकालाचा सगळा भार ‘खासगीत’ या अटीवर, आणि नेमकं तेच सरांकडून हिसकावून घेतलं गेलं. दाराला कडी असून भागत नाही. ती बाहेरच्यांनी मानावी लागते. ज्याच्याकडे कडी लावायला खोलीच नाही, त्याने काय करायचं, हा प्रश्न त्या निकालाने सोडवला नव्हता. त्या रिक्षावाल्याच्या नावाने कुणी याचिका केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

सर मात्र कोर्टात गेले. नाझच्या खटल्यात उभे राहिलेले आनंद ग्रोव्हर त्यांचे वकील. १ एप्रिल २०१० ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. नोकरी परत, घर परत. बुजऱ्या, एकट्या राहणाऱ्या माणसाने, वर्तमानपत्रांत नाव गाजत असताना, आपल्याच विद्यापीठाविरुद्ध उभं राहून हे मिळवलं. मला त्यांचं हेच धैर्य सगळ्यात मोठं वाटतं. मोर्चा काढायचा त्यांचा पिंड नव्हता. एका पत्रकाराशी बोलताना ते विद्यापीठावरच्या प्रेमाबद्दलच बोलले होते. समलैंगिक आहे म्हणून विद्यापीठाने आपल्यावर प्रेम करायचं थांबवलं का, एवढीच त्यांची शंका होती.

७ एप्रिलला ते, क्वार्टर सुटल्यावर घेतलेल्या भाड्याच्या घरात, मृतावस्थेत सापडले. निलंबन मागे घेतल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयात पोहोचल्याचं तेव्हा छापून आलं.

पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला. २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमुखाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून मोकळं केलं. इतिहासाने या माणसांची माफी मागायला हवी, असं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी निकालपत्रात लिहिलं. इतिहास मागेल तेव्हा मागेल. आपल्या हातात एक बारीकसं काम आहे: सरांच्या कवितांची निवड मराठीत नव्याने छापावी. मलपृष्ठावर त्या रात्रीचा उल्लेख नको. मराठीचे प्राध्यापक, कवी, गाव नागपूर, एवढा परिचय त्यांना पुरेल.