मौज

मणिपालला शिकणाऱ्या माझ्या मुलीचा दिवाळीच्या सुट्टीआधी फोन आला. "अम्मी, चार दिवस इकडे ये. तुला लाटेवर उभं करते."

मी हसण्यावारी नेलं. माझं वय पंचेचाळीस. वीस वर्षं शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते आहे. रत्नागिरीत समुद्राचा आवाज ऐकत वाढले, पण कमरेएवढ्या पाण्यात कधी उतरले नव्हते. आमच्या घरातले पुरुष जहाजावर नोकरी करून जगभरची बंदरं फिरून आले. बायकांनी समुद्र पाहिला तो ईदच्या संध्याकाळी, हातात चपला घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यात.

याला एक कारण होतं. मी बारा वर्षांची असताना फुफीचा मुलगा पाण्यात ओढला गेला होता. तो आठ वर्षांचा होता. नशिबाने जवळच होडी होती, मच्छीमारांनी त्याला बाहेर काढलं. त्या दिवसापासून आम्हा मुलींना किनारा बंद झाला. 'समुद्राने ओढून नेला', एवढंच घरात बोललं गेलं. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. मोठ्या लाटांना घाबरलेल्या त्या पोराला मीच म्हटलं होतं, "तिकडे बघ, पाणी शांत आहे. तिकडे खेळ."

कोकण रेल्वेने उडुपीला उतरले आणि मुलीबरोबर कोडी बेंगरेला गेले. एका बाजूला सुवर्णा नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे जमिनीची अरुंद पट्टी. तिच्यावर माड आणि मच्छीमारांची घरं. मुंबईच्या इशिता मालवीय मणिपालला शिकत असताना सर्फिंगकडे वळल्या आणि 2007 मध्ये त्यांनी जोडीदारासह इथे शाका सर्फ क्लब सुरू केला. देशातल्या पहिल्या व्यावसायिक महिला सर्फर म्हणून आज त्या ओळखल्या जातात. आता या किनाऱ्यावर शिकणं आणि शिकवणं नवलाचं राहिलेलं नाही.

आम्हाला शिकवणारा मुलगा तिथल्याच मच्छीमाराचा. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्याला घट्ट टोपी बघून तो काहीच बोलला नाही. मला तेच बरं वाटलं. पाण्यात जाण्याआधी त्याने आम्हाला वाळूवर बसवलं आणि काठीने नकाशा काढला. शिक्षिका असल्यामुळे मी लगेच सावरून बसले.

नदी वाळू आणते आणि लाटा ती पसरतात. त्यातून किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचा लांबट उंचवटा तयार होतो. पाऊसकाळात समुद्र खवळला की तो जागा बदलतो, म्हणून दर वर्षी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट फुटते. म्हणजे अर्धा मीटर उंचीची लाट फुटते तिथे पाणी जेमतेम मांडीपर्यंत असतं. खाली खडक नाही, नुसती वाळू. नवशिक्यासाठी याहून मायाळू जागा नाही.

"आणि ते?" मी बोट दाखवलं. पांढऱ्या फेसाच्या दोन पट्ट्यांच्या मधे पाण्याचा एक गडद, शांत तुकडा होता. लाट नाही, फेस नाही. "तिथे उतरणं सोपं नाही का?"

तो म्हणाला, "टीचर, सगळे तिथेच जातात. तिथेच धोका आहे."

उंचवट्यावरून लाटांनी आत लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. दोन उंचवट्यांच्या मधली खोल खाच हीच ती वाट. पाणी खोल असल्याने तिथे लाट फुटत नाही, म्हणून वरून शांत दिसतं. आतून मात्र ते समुद्राकडे धावत असतं. त्या ओढीविरुद्ध पट्टीचा पोहणाराही दमतो. सापडलंच तर किनाऱ्याकडे धडपडायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर सरकत फेसाकडे यायचं.

मी त्या काठीच्या रेघांकडे बघत राहिले. तेहेतीस वर्षांपूर्वीची ती दुपार अशी समोर वाळूवर आखली जाईल असं वाटलं नव्हतं.

मग पाण्यात गेलो. नोव्हेंबरचं कोमट पाणी. मऊ, लांब बोर्ड, घोट्याला बांधलेला पट्टा. पालथं पडायचं, लाट मागून आली की हात मारायचे, छातीखाली तळवे टेकून उठायचं, नजर पायाकडे नाही तर किनाऱ्याकडे ठेवायची. मी किती वेळा पडले ते मुलीने मोजलं, मी नाही. नाकातोंडात खारं पाणी गेलं, गुडघा सोलवटला. पण प्रत्येक वेळी पडून उठले की पायाखाली वाळू लागायची. दुसऱ्या दिवशी उभी राहिले. दोन-तीन सेकंद असतील. मुलगी माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली.

उर्दूत 'मौज' म्हणजे लाट. तोच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ मजा झाला. वर्गात हे मी कितीदा सांगितलं आहे. त्या दिवशी दोन्ही अर्थ एकदमच कळले.

संध्याकाळी भावाला फोन लावला. तो कुवेतला असतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं की त्याला तिकडे मी पाठवलं होतं.

"आपा, मला माहीत आहे," तो म्हणाला. "अम्मीने विचारलं तेव्हा मीच नाव घेतलं नाही. मलाही ते पाणी शांतच वाटलं होतं ना."

2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर आमच्या शाळेच्या सहलींतून समुद्र गेला. त्या ठरावावर माझीही सही आहे आणि काळजी खरी होती. पण सहल बंद केली म्हणून मुलं समुद्रावर जायची थांबली नाहीत. ती रविवारी आपापली जातात आणि शांत पाणी बघूनच उतरतात.

सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर तोच नकाशा काढला. मग विचारलं, "सांगा, कुठे उतराल?" चाळीसपैकी बहुतेक बोटं त्या शांत खाचेकडे वळली.

आता हा तास मी दर वर्षी घेणार आहे.