साठ मिनिटं, एक खोली आणि दोन भाऊ

‘एस्केप रूम’ म्हणजे पैसे भरून स्वतःला कोंडून घेणं, अशी माझ्या आईची व्याख्या आहे. ती काही चुकीची नाही. चार-सहा जणांनी एका सजवलेल्या खोलीत शिरायचं, मोबाइल बाहेर ठेवायचे आणि साठ मिनिटांत कोडी सोडवून बाहेर पडायचं. भिंतीवरचा नकाशा, कपाटातली पुस्तकं, बंद पडलेलं घड्याळ, कशातही काहीतरी दडलेलं असतं. एका कुलपाचा आकडा दुसऱ्या कोड्यात सापडतो. कॅमेऱ्यातून कुणीतरी आपल्याला बघत असतं आणि फारच अडलं तर पडद्यावर सूचना येते. असे खेळ आधी कॉम्प्युटरवर होते. 2007 साली जपानमधल्या क्योतो शहरात ताकाओ काटो यांनी ते खऱ्या खोलीत आणले आणि पुढे ते जगभर पसरले.

आम्ही खेळलो ते बंगळूरला. दिवाळीच्या सुट्टीत बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने काकांकडे गेलो होतो. लालबाग झालं, चर्च स्ट्रीटवरची पुस्तकांची दुकानं झाली. तिसऱ्या दिवशी चुलतभावाने सहा जणांचं बुकिंगच करून टाकलं. आई-बाबा, काका-काकू, तो आणि मी.

इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. बाबांना विचारूनच लिहितेय. आजी गेल्यापासून टिळकवाडीतल्या जुन्या घराचं काय करायचं, यावर बाबा आणि काकांचं जुळत नव्हतं. काकांना ते विकायचं होतं, बाबांना नाही. भांडण असं कधी झालं नाही. पण दोघांचं बोलणं आमच्यामार्फत होऊ लागलं. ‘‘काकाला विचार गं, घरपट्टीची पावती मिळाली का?’’ ‘‘अण्णाला सांग, पुढच्या महिन्यात येतो.’’ दीड वर्ष हे असंच चाललं होतं. शेजारी जेवायला बसले तरी आमटीचं भांडं आईला सांगून पुढे सरकायचं.

आमचा खेळ होता गुप्तहेराच्या कचेरीचा. आत जाण्याआधी आईने, संकटकाळी दार उघडायचं बटण कुठे आहे ते विचारून घेतलं. ते फार गरजेचं आहे. 2019 च्या जानेवारीत पोलंडमधल्या कोशालिन शहरात अशाच एका ठिकाणी आग लागून पाच मुलींचा जीव गेला होता. बाहेर पडायची वाट कुणी नीट दाखवत नसेल, तर तिथून सरळ परत फिरावं.

आत शिरतानाच आमचे दोन गट पाडले. मध्ये लाकडी भिंत. पलीकडे बाबा, काकू आणि चुलतभाऊ, अलीकडे काका, आई आणि मी. पलीकडच्या फळ्यावर ओळीने चिन्हं होती आणि त्यांच्याशी जुळवायच्या चकत्या आमच्याकडे. बाबा फळ्याजवळ उभे होते आणि चकत्या काकांच्या हातात आल्या होत्या.

सवयीने बाबांनी मला हाक मारली, ‘‘काकाला सांग, पहिला मासा.’’ मी सांगितलं. काका मला म्हणाले, ‘‘अण्णाला विचार, तोंड कुठल्या बाजूला?’’ मी विचारलं. दुसऱ्या चिन्हालाही तेच. एकेका चकतीला मिनिट-दीड मिनिट जात होतं, चकत्या होत्या बारा, आणि समोर पडद्यावर वेळ उतरत होती. तिसऱ्या चिन्हाला काकांचा धीर सुटला.

‘‘अण्णा, जरा जोरात सांग की!’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग बाबांचा आवाज आला, ‘‘घुबड! घुबड रे बाळ्या, आणि ते उलटं टांगलंय!’’

त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. ‘‘तुझं डावं की माझं डावं?’’ ‘‘दाराकडची बाजू म्हण की सरळ!’’ दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी ओरडत होते, चिडत होते, पण चकत्या भराभर लागत होत्या. शेवटची बसली आणि मधलं दार उघडलं. पुढे जांभळ्या उजेडाच्या बॅटरीने नकाशावरचे लपलेले आकडे सापडले, घड्याळाचं कोडं आईने सोडवलं. तरीही एक कुलूप राहिलंच आणि वेळ संपली.

बाहेर येऊन फिल्टर कॉफी घेताना दोघांचा वाद चालू होता, पण त्या शेवटच्या कुलपावरून. घराचा विषय कुणी काढला नाही. बेळगावला परतल्यावर आठवड्याभरात काकांचा फोन आला, थेट बाबांच्या मोबाइलवर. ‘‘अण्णा, स्वयंपाकघर गळत होतं, ते बघितलंस काय?’’ घराचा निर्णय अजून झालेला नाही. कदाचित ते विकलं जाईलही. पण जे ठरेल ते दोघं एकमेकांशी बोलून ठरवतील, एवढं आता दिसतंय.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत असे निरोप चालतात आणि निरोप्याचं काम बहुतेकदा आपल्या पिढीकडे येतं. निरोपातून शब्द पोचतात, आवाज पोचत नाही. ‘जरा जोरात सांग की’ हे वाक्य माझ्यामार्फत गेलं असतं तर बाबांना बाळ्या आठवला नसता.

तेव्हा पुढच्या सहलीत जमलं तर मोठ्यांना बाहेर बाकावर बसवून ठेवू नका, आत घेऊन जा. भुताखेतांची खोली नको, दोन गटांत सुरू होणारा खेळ निवडा. आणि भिंतीजवळची जागा त्यांना देऊन तुम्ही जरा बाजूला उभे राहा.