कोणी, कोणीतरी, कोणीही

इंग्रजीतल्या अनिश्चित सर्वनामांवर आणि विशेषणांवर ‘सर्वसामान्य वाचकाला झेपेल असं’ काही लिहा, अशी संपादकांची मागणी आहे. मागणी रास्त आहे. ती पुरी होईलच असं नाही. शिवाय तिच्यात एक गृहीत दडलेलं आहे. हा विषय इंग्रजीचा, आणि मराठी माणसाने तो बाहेरून, पाठांतराने मिळवायचा, असं ते गृहीत. ‘समवन’, ‘एनीवन’, ‘नोबडी’, ‘एव्हरीवन’ अशी कोष्टकं पाचवीच्या वहीत उतरवून घेतलेल्या पिढ्यांना ते खरंच वाटणार. माझं म्हणणं वेगळं आहे. मराठी माणूस या शब्दांपाशी अडखळतो याचं अर्धं कारण इंग्रजी कच्चं असणं. उरलेलं अर्धं असं की त्याच्याच मराठीतली ही व्यवस्था त्याला कोणी कधी दाखवलेली नसते. तो ती दिवसभर बिनचूक वापरतो, पण शाळेत तिचा उल्लेख ‘सामान्य किंवा अनिश्चित सर्वनामे : कोण, काय’ एवढ्या दीड ओळीत आटोपतो.

पुरावा हवा असेल तर वर्सोव्यात यारी रोडपासून सात बंगल्यापर्यंतच्या फाटकांवर लटकणाऱ्या फलकांचा नमुना घ्यावा. सूचना मराठीतही असते आणि इंग्रजीतही, आणि इंग्रजी सूचना बहुधा मराठीतून चालत आलेली असते. ‘सर्व वाहनांना प्रवेश बंद’ याचं ‘ऑल व्हेइकल्स आर नॉट अलाउड’ होतं. मराठी वाक्य निर्दोष आहे, कारण ‘बंद’ या शब्दात नकार असला तरी वाक्याची रचना होकारार्थी आहे. ‘सर्व’ला तिथे कोणी धक्का देत नाही. इंग्रजीत मात्र ‘ऑल’ आणि ‘नॉट’ एका वाक्यात आले की कोणाची हद्द कुठवर, असा तंटा उभा राहतो. त्या फलकाचा अर्थ ‘सगळी वाहनं चालणार नाहीत, काही चालतील’ असाही निघतो, आणि हुज्जतीला तयार असलेल्या रिक्षावाल्याला तेवढं पुरे. याच जातीचं दुसरं वाक्य ‘एनी आउटसाइडर इज नॉट अलाउड’. त्याच्या मागे ‘कोणत्याही बाहेरच्या व्यक्तीस प्रवेश नाही’ हे चोख मराठी वाक्य उभं आहे. अशा फलकांचे फोटो काढून हसणाऱ्यांची मला आता चीड येईनाशी झाली आहे, कंटाळा येतो. चूक शोधणं सोपं असतं. ती प्रत्येक वेळी त्याच जागी का होते, हे विचारायला मात्र कोणी थांबत नाही.

ती तिथेच होते, कारण नकाराची जागा दोन्ही भाषांत वेगळी आहे. इंग्रजीत ‘एनी’ नकाराच्या वाक्यात वावरतो खरा, पण नकार त्याच्या आधी यावा लागतो: ‘आय डिड नॉट सी एनीबडी’ चालतं, ‘एनीबडी डिड नॉट कम’ चालत नाही. कर्त्याच्या जागी पोचल्यावर नकाराला त्या शब्दातच शिरावं लागतं, आणि ‘नोबडी केम’ तयार होतं. मराठीत क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही पुढे. त्यामुळे ‘कोणी’ नेहमीच ‘नाही’च्या आधी येतो आणि त्यात कोणाला काही खुपत नाही. ‘नोबडी’ला नेमका प्रतिशब्द आपल्याकडे नाही, आणि त्याची उणीवही नाही. नकार क्रियापदाने वाहायचा आणि सर्वनामाने फक्त अनिश्चितता सांगायची, ही वाटणी जगातल्या बहुसंख्य भाषांना मान्य आहे. विचित्र वागते ती प्रमाण इंग्रजी. चॉसरच्या काळातल्या इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन नकार सहज येत आणि ते एकमेकांना खोडत नसत. लंडनच्या बोलीत ते आजही ऐकू येतात. अठराव्या शतकात रॉबर्ट लोथ यांच्यासारख्या व्याकरणकारांनी दोन नकार म्हणजे एक होकार असं गणित भाषेला लावलं आणि शाळांनी ते उचललं. आपण ज्याला इंग्रजीचा स्वभाव समजून शरमिंदे होतो, त्यातला बराच भाग अशा मास्तरकीचा आहे.

आता मराठीची व्यवस्था पाहू. ती स्वतंत्र शब्दांत कमी आणि चिमुकल्या अव्ययांत जास्त आहे: -तरी, -ही, -च. ‘कोणी आलं का?’, ‘कोणी आलं तर सांग’, ‘कोणी आलं नाही’. प्रश्न, अट आणि नकार या तिन्ही ठिकाणी नुसता ‘कोणी’ पुरतो. घडलेली गोष्ट सांगायची असेल तर ‘कोणीतरी आलं’. मोकळीक द्यायची असेल तर ‘कोणीही यावं’. इंग्रजीचा ‘एनी’ पहिल्या तीन जागाही सांभाळतो आणि शेवटचीही. म्हणजे आपल्या दोन शब्दांचं काम तो एकटा करतो. आणि ‘कोणीतरी आलं का?’ असं विचारलं तर कोणाची तरी वाट पाहणं चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत प्रश्नामध्ये ‘एनीवन’ऐवजी ‘समवन’ घातल्यावर नेमकं तेच होतं. म्हणजे पुस्तकातला ‘प्रश्नात एनी, होकारात सम’ हा नियम दोन्ही भाषांत सारखाच ठिसूळ आहे. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक शिकवताना तर शिक्षक घामाघूम होतात. ‘थोडी माणसं आली’ आणि ‘थोडीच माणसं आली’ ही दोन वाक्यं शेजारी लिहिली की काम संपतं: इंग्रजीत ‘अ’ काढल्याने जे साधतं ते मराठीत ‘च’ घातल्याने साधतं.

प्रश्न, अट आणि नकार या तिघांत असं काय समान आहे की तिथे दोन्ही भाषा निराळा शब्द मागतात? भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅड्युसॉ यांनी 1979 मध्ये याचं जे उत्तर दिलं ते आकडेमोडीशिवाय सांगण्यासारखं आहे. वर्सोव्याच्या बाजारात आज कोणी मासे घेतले नाहीत, हे खरं असेल तर कोणी पापलेट घेतलं नाही, हेही खरं ठरतं. घाऊक विधानावरून किरकोळ विधान मिळतं. ‘कोणी मासे घेतले तर बर्फ फुकट’ यावरून पापलेट घेणाऱ्यालाही बर्फ फुकट मिळणार, हे ओघाने आलं. ‘कोणीतरी मासे घेतले’ यावरून मात्र पापलेट खपलं असं म्हणता येत नाही. बोंबील खपले असतील. जिथे हा घाऊक-किरकोळ उतार आहे तिथे ‘एनी’ येतो, आणि तिथेच आपला नुसता ‘कोणी’ येतो. (‘कोणी म्हणतं, कोणी नाकारतं’ ही जोडवाक्यं वेगळी, ती इथे मोजू नयेत.) प्रश्नवाक्यं या हिशेबात सरळ बसत नाहीत, आणि त्यावरून भाषाशास्त्रात अजून भांडण आहे.

भांडणाचा विषय निघालाच आहे तर माझ्या आवडत्या भांडणाकडे येतो. ‘एनीवन कॅन कम’ आणि ‘आय डिडन्ट सी एनीवन’ यांतला ‘एनी’ एक की दोन? तत्त्वज्ञ झेनो वेंडलर यांनी 1962 मध्ये ‘ईच’, ‘एव्हरी’, ‘एनी’ आणि ‘ऑल’ यांचा काथ्याकूट केला तेव्हापासून हा वाद धगधगतो आहे. 1993 मध्ये निरीत काडमन आणि फ्रेड लँडमन यांनी ‘एनी’ एकच असल्याची बाजू मांडली: तो शब्द विचारात घ्यायच्या मंडळींचा घेर वाढवतो, एरवी ज्यांना आपण मोजत नाही त्यांनाही आत ओढतो. हे वाचताना मराठी वाचकाने खरं तर हसायला हवं, कारण हे तत्त्व आपण अक्षरात लिहून ठेवलेलं आहे. ‘रमाही आली’ यातला ‘ही’ म्हणजे ‘सुद्धा’. ‘कोणीही’ म्हणजे कोणी, अगदी ज्याला मोजणार नाही तोसुद्धा. ‘एकही नाही’, ‘जराही नाही’, ‘तसूभरही नाही’ यांत ‘ही’ सर्वांत लहान मापाला चिकटतो आणि नकाराचा घेर त्याच्यापर्यंत पोचवतो. म्हणून ‘कोणीही यावं’ आणि ‘कोणीही आलं नाही’ यांतला ‘ही’ दोन नसून एकच आहे; बदलतं ते भोवतालचं वाक्य. हिंदीत ‘कोई भी’ याच बांधणीचा आहे, जपानीतही प्रश्नवाचक शब्दाला ‘सुद्धा’ अर्थाचा प्रत्यय जोडून अशी सर्वनामं घडतात. यावर प्रामाणिक आक्षेप असा की ‘तो कोणीही नाही’ या वाक्याचे मग दोन अर्थ का होतात: एक ‘त्याला काही किंमत नाही’ आणि दुसरा ‘तो वाटेल तो माणूस नव्हे’? उत्तर स्वराघातात आहे. ‘कोणीही’वर जोर दिला की नकार क्रियापद सोडून त्या घेरावरच येतो. लिखाणात जोर दाखवता येत नाही म्हणून तर आपण ‘तो कोणी सोम्यागोम्या नाही’ असं म्हणतो, आणि इंग्रज ‘जस्ट एनीबडी’ म्हणतो. तरुण मुलं नुसतं ‘काहीही!’ म्हणून समोरच्याचं बोलणं उडवून लावतात तेही याच घेराच्या जोरावर: तोंडाला येईल ते, कुठलीही चाळणी न लावलेलं. त्यात भाषेचा ऱ्हास पाहणाऱ्यांनी ‘ही’चा हिशेब एकदा करून पाहावा.

आणखी एक शब्द आपल्याकडे आहे ज्याला इंग्रजीत जागाच नाही: एखादा. ‘एखादं पुस्तक वाच’ म्हणता येतं. ‘काल मी एखादं पुस्तक वाचलं’ म्हणता येत नाही, तिथे ‘एक पुस्तक’ हवं. जे अजून ठरलेलं नाही, घडलेलं नाही, त्याच्यासाठी एखादा. जे घडलं पण नाव सांगत नाही, त्याच्यासाठी एक किंवा कोणता तरी. इंग्रजीचा ‘सम’ दोन्हीकडे सारखाच उभा राहतो. रशियनमध्ये हाच भेद -तो आणि -निबूद् या दोन प्रत्ययांनी होतो आणि तो परदेशी विद्यार्थ्यांना शिकवायला धडेच्या धडे खर्ची पडतात. भाषाशास्त्रज्ञ मार्टिन हास्पेलमाथ यांनी 1997 च्या ग्रंथात अनेक भाषांची अनिश्चित सर्वनामं तपासून नऊ कार्यांचा एक नकाशा मांडला. एका टोकाला वक्त्याला ठाऊक असलेली व्यक्ती, दुसरीकडे प्रश्न आणि अट ओलांडून दोन फाटे: एकावर नकार, दुसऱ्यावर पूर्ण मोकळीक. त्या नकाशावर मराठीचे कोणी, कोणीतरी, कोणीही, एखादा हे शब्द मांडून पाहावेत. आपली भाषा ढोबळ आणि इंग्रजी नेमकी असं म्हणणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

मग हे शाळेत का पोचलं नाही? दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. छापील मराठी व्याकरणाची परंपरा तेव्हा नुकती उभी राहत होती. मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त पूर्वसूरींना धारेवर धरलं, तरी शब्दांच्या जातींची चौकट कायम राहिली, आणि त्या चौकटीत ‘कोणी’ सर्वनामात, ‘तरी’ आणि ‘ही’ अव्ययांत अशी ताटातूट झाली. एकत्र काम करणारे तुकडे वेगवेगळ्या प्रकरणांत गेले. पुढे स्पर्धापरीक्षांनी उरलीसुरली कसर भरून काढली: ‘अधोरेखित शब्दाचा प्रकार ओळखा’, चार पर्याय, एक गुण.

यावर इंग्रजीचे शिक्षक म्हणतील की मातृभाषा मध्ये आणली की मूल मनात भाषांतर करत बसतं, त्यापेक्षा थेट इंग्रजीच कानावर पडू द्यावी. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि ‘थेट’चा आग्रहही तेव्हापासूनच वाढला. आक्षेपात तथ्य आहे, पण दिवसभर इंग्रजी ऐकू येणाऱ्या घरापुरतं. बाकीच्या वर्गात मातृभाषा आणावी लागत नाही, ती बसलेलीच असते. ‘एनीबडी डिड नॉट कम’ हे वाक्य तिनेच लिहिलेलं असतं. तर्खडकर (दादोबा नव्हेत) यांच्या भाषांतर पाठमालांना आज जुनाट म्हणायची रीत आहे, पण वाक्याशेजारी वाक्य ठेवायची त्यांची पद्धत या एका बाबतीत कोष्टकापेक्षा उजवी होती. कोणी असंही म्हणेल की भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र बोली आहे, ‘हू ऑल आर कमिंग’ हे ‘कोण कोण येणार’चं हक्काचं रूप आहे, दुरुस्त्या कशाला? गप्पांपुरतं मी ते आनंदाने मान्य करतो. करारपत्रात आणि पोटनियमांत ‘ऑल मेंबर्स शॅल नॉट’ लिहिलेलं असतं तेव्हा नाही.

कायद्याच्या भाषेत हे सगळं पणाला लागतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 च्या इंग्रजी पाठात नकार क्रियापदाला आहे आणि पुढे ‘एनी पर्सन’. अनुच्छेद 21 मध्ये नकार सरळ ‘नो पर्सन’मध्ये. मराठी पाठात दोन्हीकडे ‘कोणत्याही व्यक्तीस’ आणि शेवटी ‘नाही’. अर्थात तसूभर फरक पडत नाही. गंमत पुढे आहे. अनुच्छेद 21 इंग्रजीत त्या व्यक्तीसाठी ‘हिज’ वापरतो. मराठीत ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी म्हणून सर्वनामही स्त्रीलिंगी येतं. ‘एव्हरीवन’नंतर ‘हिज’ की ‘देअर’ यावर इंग्रजीत रणं माजली आहेत. एका माणसासाठी ‘दे’ वापरणं चौदाव्या शतकापासून चालत आलेलं, तरी 1850 मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्यांपुरतं पुल्लिंगात स्त्रीलिंग धरावं असं ठरवलं आणि आपल्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टने तेच कलम 13 मध्ये घेतलं. मराठी बोलणारा या वादाच्या बाजूने निघून जातो. ‘कोणीतरी आलंय’ असं तो नपुंसकलिंगात म्हणतो, कारण दाराबाहेर कोण आहे ते अजून कळलेलं नसतं. ‘आपापली पिशवी आणावी’ म्हणतो, आणि त्यातलं लिंग पिशवीचं असतं, माणसाचं नसतं.

हे अभिमानाने सांगून थांबायला मला आवडलं असतं. पण त्याच वाक्याचा कर्ता ‘प्रत्येकाने’ असतो. ‘प्रत्येकीने’ हे रूप मराठीत हजर आहे, जिवंत आहे, आणि फक्त बायकाच समोर असतील तेव्हा बाहेर निघतं. एकही पुरुष गर्दीत आला की ‘प्रत्येकाने’. व्यवहारातल्या सूचनेत याला काय पर्याय द्यावा हे मला सुचलेलं नाही. ‘सर्वांनी’ म्हटलं तर लिंग जातं, पण एकेकाला वेगळं बजावण्याचा अर्थही जातो. ‘प्रत्येक व्यक्तीने’ म्हटलं तर वाक्य सरकारी होतं.