माजी

माझ्या वडिलांचे शालेय शिक्षण निजामी अमदानीत नांदेडला उर्दू माध्यमातून झाले, आणि त्यामुळे मराठी बोलताना जे मोजके शब्द ते निराळ्याच भारदस्तपणाने उच्चारीत त्यांत ‘माजी’ हा एक होता. हाच शब्द उर्दू व्याकरणात भूतकाळाला लावतात, हे मी दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांनी मला सांगितले. आणि एखाद्या हयात, चालत्याबोलत्या माणसाच्या पदाआधी आपण जेव्हा तो लावतो तेव्हा त्या माणसाचे सारे क्रियापदच आपण बदलून टाकीत असतो, असा काहीसा विचार त्या वयातही माझ्या मनात येऊन गेला असावा. त्या एका शब्दावर पुढे मी अडीच तासांचा एकपात्री प्रयोग उभा करीन, हे मात्र तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हते.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हा शब्द जितका घरगुती आहे तितका तो महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच असेल. शंकरराव चव्हाण १९७५ ते १९७७ आणि पुन्हा १९८६ ते १९८८, शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५-८६, विलासराव देशमुख १९९९ ते २००३ आणि २००४ ते २००८, आणि त्यांच्यामागून २०१० पर्यंत अशोक चव्हाण: राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसून उठलेली चार माणसे एवढ्याशा टापूने दिली. लोह्याहून अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.ने लातूरला उतरेपर्यंत ज्या गप्पा कानांवर पडतात, त्यांत कोण कधी पायउतार झाला आणि त्यानंतर त्याच्या वाड्यावर कोण गेले नि कोण गेले नाही, याचा हिशेब इथला माणूस पीकपाण्याच्या हिशेबाइतक्याच चोखपणे ठेवतो.

आरंभी मी नक्कलच करीत असे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या आदल्या रात्रीच्या मैफलीत ‘साहेबांचा आवाज काढा’ अशी फर्माईश होई आणि मी काढी. शंकररावांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणत. त्यांच्यासाठी पाठीचा कणा ताठ ठेवून शब्द मोजूनमापून टाकला की काम भागे. विलासरावांचे तसे नव्हते. त्यांच्या भाषणातील मिश्कीलपणा शब्दांत नसून शब्दांच्या आधीच्या विरामात आहे, हे कळायला मला तीन वर्षे लागली. ते हशा पिकवीत नसत, श्रोत्यांना हशापर्यंत चालत येऊ देत आणि स्वतः तिथे आधीच पोचलेले असत. तो विराम मला साधला तेव्हा आपण कलावंत झालो असे मला वाटले, आणि कित्येक वर्षे मी त्या समजात राहिलो.

१४ ऑगस्ट २०१२ रोजी विलासराव गेले. त्यानंतर महिन्याभरानेच गणेशोत्सव आला आणि लातूर जिल्ह्यातील एका गावी, मंडळाच्या आग्रहावरून, मी तो आवाज पुन्हा काढला. पहिल्या वाक्याला मांडव स्तब्ध झाला. दुसऱ्या वाक्याच्या अलीकडला तो विराम मी घेतला, आणि त्या विरामात पुढच्या रांगेतील एक म्हातारी बाई पदराने डोळे टिपताना मला दिसली. मी थांबलो, हात जोडले आणि व्यासपीठावरून उतरलो. आजवर मी जे करीत आलो ते माणसाचे चित्र होते. ज्या खुर्चीमुळे तो माणूस उपरोधाचा विषय झाला तिला माझ्या कलेने कधी स्पर्शच केला नव्हता, ही जाणीव त्या रात्री परतताना मला फार बोचली.

अमेरिकेत एका नकलाकाराच्या बाबतीत हे याहून निष्ठुरपणे घडले. व्हॉन मीडर याने अध्यक्ष केनेडींची नक्कल करणारी ध्वनिमुद्रिका १९६२ मध्ये काढली. तिच्या लक्षावधी प्रती खपल्या, मानाचा ग्रॅमी पुरस्कारही तिला मिळाला. आणि २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलासला केनेडींची हत्या झाली त्या दिवशी मीडरचा आवाजही जणू संपला, कारण तो त्याचा नव्हताच. याउलट विल फेरेल या विनोदी नटाने धाकटे बुश पायउतार झाल्यावर काही दिवसांतच, २००९ च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कच्या रंगमंचावर त्यांच्यावर एकट्याचा प्रयोग मांडला. सत्तेवरून नुकत्याच उतरलेल्या माणसाला रंगमंचावर एकटे उभे करायचे आणि निरोपाचा हिशेब प्रेक्षकांसमोर मांडायला लावायचा, ही त्याची कल्पना मला मोठी मार्मिक वाटते. परंतु ती नवी नाही. आपल्याकडे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा लॉर्ड कर्झन हिंदुस्थान सोडून गेल्याला वर्ष उलटून गेले होते. म्हणजे कीचकाच्या मुकुटाखाली खाडिलकरांनी जो बसविला तोही माजी व्हाइसरॉयच होता. रंगमंचावर त्याचे नाव कुणी उच्चारीत नसे, आणि नाट्यगृहातील प्रत्येकाला ते ठाऊक असे. सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. गेलेल्या माणसाची भीती सरकारला नव्हती. कीचकाच्या दरबारात मान खाली घालून बसलेल्यांत प्रेक्षक स्वतःला ओळखू लागले होते, त्याची होती, असे मी समजतो.

नाव घ्यायचे नाही, हे मी खाडिलकरांकडून घेतले. खुर्ची रिकामी ठेवायची, हे मात्र लक्ष्मण देशपांड्यांकडून घेतले, आणि ते ऋण सविस्तर सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मी प्रथम पाहिले ते विद्यार्थिदशेत. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकविणारा हा प्राध्यापक एकटा बावन्न भूमिका करतो, वेषांतर न करता करतो, याचीच तेव्हा सर्वतोमुखी चर्चा होती, आणि मीही बोटांवर पात्रे मोजीतच बसलो होतो. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा मोजणी सोडून मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत राहिलो. पात्र बोलत आहे त्यापेक्षा ते ज्याच्याशी बोलत आहे त्याची उंची, त्याचे अंतर, त्याचे उभे राहणे हे सारे त्यांच्या नजरेच्या टोकाशी तयार होत होते. लहान पोराला दटावताना बुबुळे कुठे थांबतात, वडीलधाऱ्याला विनविताना कुठे, आणि बोलणारा बदलला की मघाचा ऐकणारा नेमक्या त्याच जागेवरून उत्तर कसा देतो, याचे जे गणित त्यांनी सांभाळले होते ते मला बावन्न या आकड्याहून कितीतरी विलक्षण वाटले. एकपात्री म्हणजे एका नटाने अनेक माणसे होणे, एवढीच माझी समजूत होती. समोरच्या रिकाम्या हवेत दुसरा माणूस उभा करणे हे त्या कलेचे अर्धे अंग आहे, हे देशपांड्यांनी मला न बोलता शिकविले. ते २००९ मध्ये गेले. पुढे संदीप पाठक यांनी ते ‘वऱ्हाड’ पुन्हा मार्गस्थ केले, तेव्हा तीच नजर दुसऱ्या चेहऱ्यावर पाहताना मला भरून आले.

मग मी ठरविले की सत्ताधीशाची भूमिका आपण करायचीच नाही. रंगमंचाच्या उजव्या अंगाला प्रेक्षकांकडे किंचित पाठ केलेली हातांची एक खुर्ची, तिच्यावर पांढरा टर्किश टॉवेल, आणि माझ्या खांद्यावर एक उपरणे, एवढाच सरंजाम. माझी पात्रे म्हणजे त्या खुर्चीसमोर येणारी माणसे: स्वीय सहायक, गुत्तेदार, दोन सरपंच, पोरीच्या बदलीचा अर्ज घेऊन आलेले निवृत्त गुरुजी, उसाचे बिल थकलेला शेतकरी, गायरानाच्या सात-बाराऐवजी मोजणीचा जुना कागदच घडी करून आणणारी बाई. पूर्वार्धात साहेब सत्तेवर आहेत, उत्तरार्धात ते माजी आहेत. कथानक म्हणावे तर एवढेच.

या माणसांसाठी मी जिल्हा कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत पुष्कळ बसलो. तेथे एक गोष्ट ध्यानी आली. अधिकारी बसलेला असतो आणि अर्जदार उभा, तेव्हा अर्जदाराची नजर वरून खाली पडायला हवी. परंतु तो कमरेत असा लवतो, मानेला असा बाक देतो, की उभ्या माणसाची नजर बसलेल्याच्या नजरेखालून वर जाते. ही किमया साऱ्या देहाला करावी लागते आणि ती तो नकळत करतो. पूर्वार्धभर माझी पात्रे त्या रिकाम्या खुर्चीकडे अशीच खालून वर पाहतात, आणि खुर्चीत कुणी नसतानाही प्रेक्षकांना तेथे एक भला थोरला माणूस दिसू लागतो. उत्तरार्धात मी फक्त कणा सरळ करतो. तीच माणसे, तीच खुर्ची. नजर आता टॉवेलाच्या वरून भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. सत्तेवरील उपरोध म्हणून मला जे काही सांगायचे आहे ते सारे या चार-सहा इंचांत आहे: तो भला थोरला माणूस आपण वाकून घडविला होता, आणि सरळ उभे राहून आपणच तो पुसला.

अर्जाची ही भाषा मराठवाड्याच्या रक्तात आहे. पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून एकट्या माणसाला जोशी केले, भुत्या केले, आणि फारसी दप्तरातील अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र हे कागदही रूपकांसाठी वापरले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, तेव्हा दप्तराचे वळण त्यांनी जवळून पाहिले असणार. रयत आपल्या धन्याशी कशी बोलते, हे ऐकून त्यांनी ती बोली देवापुढे नेली. माझे गुरुजी जेव्हा ‘अर्ज सादर करण्यास कारण की’ असे म्हणून थांबतात, तेव्हा चारशे वर्षांचा तो दप्तरी सूर माझ्या घशात येतो असे मला खरोखर वाटते.

प्रयोगाचा सारा तोल एका वाक्यावर आहे: ‘साहेब आहेत का?’ पूर्वार्धात हे वाक्य प्रत्येक पात्र दाराशी येऊन, चपला काढून, श्वास आत ओढीत विचारते; उत्तरार्धात तेच वाक्य फाटकाबाहेरून, मोटारसायकलवरून न उतरता, मोठ्याने येते. या वाक्यातील ‘आहेत’ मी गावागावाप्रमाणे बदलतो, कारण नांदेडकडचा माणूस ‘काय करूलालास’ म्हणतो आणि लातूरकडचा ‘काय करायलास’, आणि हा फरक चुकला तर पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक परका होतो. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घेतले तेव्हा तीत कुणाचेही नाव नव्हते. नांदेडला प्रयोग झाला की प्रेक्षक खुर्चीत नांदेडचा माणूस बसवितात, लातूरला लातूरचा. तो कोण हे मी विचारीत नाही.

एका गावी संयोजकांनी प्रयोगानंतर मानधनाचे पाकीट देताना, उत्तरार्ध वगळता आला तर बरे, असे सुचविले होते. लोकांना मौज वाटत नाही, म्हणाले. मी नकार दिला आणि तिथले पुढचे दोन प्रयोग गेले. उत्तरार्ध मला वगळता येत नाही, त्याचे कारण माझ्या घरातले आहे. माझे आजोबा निजामाच्या वेळी कंधारच्या तहसील कचेरीत पेशकार होते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका वरिष्ठ अंमलदाराच्या बंगल्याशी सकाळी सातपासून माणसे जोडे काढून उभी राहत, त्यांत दप्तर बगलेत धरून आजोबाही असत. सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य पालटले. त्यानंतर काही आठवड्यांनी त्या रस्त्याने जाताना त्यांना फाटक उघडे दिसले, पहारेकऱ्याचे स्टूल उलटे पडले होते, आणि ओसरीवर तो अंमलदार एकटाच बसून रस्त्याकडे पाहत होता. त्याची राजवट जुलमी होती, ती गेली याचा आनंद आजोबांना होता, यात शंका नाही. परंतु ही हकीकत ते जेव्हा जेव्हा सांगत तेव्हा ‘मी आत गेलो नाही’ या वाक्यापाशी थांबत, आणि त्यापुढचे त्यांना सांगता येत नसे. त्या माणसाची कीव करायला हवी होती असे त्यांचे म्हणणे नव्हते. आपण इतकी वर्षे कुणापुढे वाकत होतो, माणसापुढे की स्टुलावरच्या पहारेकऱ्यापुढे, हा प्रश्न त्यांना पडला होता, असे मला आता वाटते.

उत्तरार्धाच्या शेवटी मी प्रथमच त्या खुर्चीत बसतो. बाहेर फाटकाशी गुरुजी आलेले आहेत. पोरीची बदली कधीच झाली आहे, त्यांचे काही काम नाही, ते केवळ भेटायला आले आहेत, आणि दार उघडायला कुणी नाही. आत माजी साहेब मुंबईला टेलिफोन लावीत असतात. मी आवाज कुणाचाही काढीत नाही, माझा स्वतःचाच वापरतो. रिसीव्हर कानाशी नेतो, वाट पाहतो. पलीकडून कुणीतरी फोन उचलतो, आणि खुर्चीत बसल्या बसल्याच माझी मान पुढे लवते, कमरेला बाक येतो, नजर खालून वर जाते, आणि मी विचारतो, ‘साहेब आहेत का?’

इथे नांदेडला पुष्कळदा हशा येतो. लातूरला एकदा एकही आवाज आला नाही, आणि मी रिसीव्हर कानाशी धरून, पलीकडच्या उत्तराची वाट पाहत, दिवा मालवेपर्यंत तसाच बसून राहिलो.