दिवा लागला, रेडिओ खरखरला!

मित्रांनो, रस्त्यावरचा दिवा रेडिओवर बोलतो, असं म्हटलं तर हसाल ना? खुशाल हसा, पण आधी ऐका.

आमच्या आळीत सौरदिवे आले, तेव्हा सगळ्यांत जास्त खूश झाल्या शिकवणीहून उशिरा परतणाऱ्या मुली. काळोखाची भीतीच गेली! रुसल्या त्या फक्त कोपऱ्यावरच्या आजी. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, रेडिओ हीच त्यांची सोबत. दिवेलागणीला खांबावरचा दिवा लागला, की मीडियम वेव्हवरच्या बातम्या खरखरीत बुडायच्या.

असं का व्हावं? सौरदिव्यातलं छोटं सर्किट बॅटरीची वीज सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा चालू-बंद करतं. त्यामुळे वीज कमी वाया जाते. पण या उघडझापीतून रेडिओलहरीही निघतात. समजा, उघडझाप सेकंदाला एक लाख वेळा, म्हणजे 100 किलोहर्ट्झ आहे. तर तिच्या पटीत, 600, 700, 800 किलोहर्ट्झवरही लहरी उमटतात. आणि मीडियम वेव्हची स्टेशनं असतात 531 ते 1602 किलोहर्ट्झमध्ये! त्यात दिव्याच्या लांब वायरी अँटेनाचं काम करतात. याला म्हणतात विद्युतचुंबकीय व्यत्यय. हा त्रास इतका जुना, की त्यावर नियम ठरवायला 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली.

मी खिशातला रेडिओ घेऊन खांबाकडे निघालो. जवळ जावं तशी खरखर वाढली. चोर सापडला!

मग वायरमनदादांनी दिवा बंद करून, दूर दूर लोंबणाऱ्या दोन्ही वायरींना एकत्र पीळ दिला. एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. बिलगून असल्या, की दोघींचा परिणाम एकमेकींना बराचसा खोडतो. शिवाय वायरीचे चार वेढे त्यांनी फेराइटच्या काळ्या कडीतून घेतले. कॉम्प्युटरच्या केबलवर जाडसा गोळा दिसतो ना, त्यात हेच फेराइट असतं. दिव्याची साधी वीज ते जाऊ देतं, खरखरीची अडवतं.

खरखर पार गेली नाही, पण बातम्या कळू लागल्या. उजेडही तेवढाच राहिला, बरं का!

तुम्हीही रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावा आणि घरातल्या एलईडी दिव्यांजवळून फिरा. वायरींना मात्र हात लावायचा नाही हं! कोणता दिवा जास्त बोलतो, ते शोधा. आणि शेजारी एखाद्या आजोबांचा रेडिओ खरखरत असेल, तर त्यांनाही विचारा, "कधीपासून होतंय हो?"