एकच लेन्स पुरते का?



शाळेत फोटो काढायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतंच. आमच्याकडे ते माझ्या, कारण डीएडला असल्यापासून मला कॅमेऱ्याचा नाद. तीन वर्षांपूर्वी नांदेडहून जुना निकॉन आणला, सोबत १८-१४० मिलिमीटरची झूम लेन्स. "सर, या एकीत सगळं होतं," दुकानदार म्हणाला.

बरंचसं होतं हो, खरंच. १८ वर ठेवली की कोपऱ्यात उभं राहून अख्खा वर्ग मावतो. सहस्रकुंडच्या सहलीत तर तिने जीव लावला. आधी पूर्ण धबधबा, आणि जागा न सोडता लगेच टकामका बघणाऱ्या एका लेकराचा चेहरा! तिथं उडणारे तुषार, एक डोळा सारखा लेकरांवर. लेन्स बदलणार कधी? हदगावात परतलो की धूळ आहेच. आणखी एक फायदा मला उशिरा कळला. कॅमेरा जवळ आला की लेकरं सावधानमध्ये उभी राहतात, हसू गायब. दुरून काढला तर खेळता खेळता सापडतात.

अडलं ते स्नेहसंमेलनात. संध्याकाळची वेळ, स्टेजवर दोन पिवळे बल्ब. वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी चौथीतली एक पोर पहिल्यांदा नाचली. मी मागून १४० वर पंधरा-वीस फोटो काढले. घरी येऊन बघतो तर एकही धड नाही. चेहरा, हात, सगळं फरपटल्यासारखं. दुसऱ्या दिवशी तिची आई दारात.

"ओ सर, पोरीचा फटू काढला म्हनं तुम्ही. दाखवा की."

काय दाखवणार?

कारण साधं आहे. ही लेन्स १८ वर एफ ३.५ पर्यंत उघडते, १४० वर फक्त एफ ५.६ पर्यंत. आकडा वाढला की झरोका लहान होतो. एफ १.८ ची ५० मिलिमीटरची साधी लेन्स त्याच्या साडेनऊपट प्रकाश आत घेते. उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं, आणि नाचणारी पोर थोडीच थांबते? लेन्समधली कंपन रोखणारी सोय आपला हात सावरते, तिचे पाय नाही. आयएसओ वाढवावा तर फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. (१८ वर फळ्याच्या कडा जरा फुगीर येतात, पण ते चालून जातं.)

पैसे एकाच लेन्सपुरते असतील तर मी आजही झूमच घ्या म्हणेन. वर्षातले बहुतेक दिवस उन्हाचेच असतात. पण यंदा मी ती ५० चीही घेतली. तिला झूम नाही, पुढं-मागं आपणच सरकायचं. तेव्हा पालकहो, संमेलनात स्टेजसमोरची थोडी जागा मला सोडा, मोबाइल घेऊन आडवे उभे राहू नका!

ती मुलगी आता पाचवीला दुसऱ्या शाळेत आहे. तिच्या आईला निरोप धाडलाय, यंदाच्या संमेलनात तिचा एक नाच ठेवलाय म्हणून.