पीठ आणि बियाणें

पीठ पेरून ज्वारी उगवत नाहीं, हें मराठवाड्यांत पोरासही ठाऊक असतें. संगणकापुढें बसलों कीं मात्र आम्ही शहाणीं माणसें तें विसरतों.

लातूरचे आमचे थोरले बंधू घरांतील बोलीचे शब्द ‘ईमॅक्स’मध्यें जुळवीत असत. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८५ सालीं प्रसृत केलेल्या या लेखनसाधनास लिस्प भाषेंत हवें तें शिकवितां येतें. बंधूंनीं तशी एक आज्ञावली रचली होती. ते गेल्यावर ती आमच्याकडे नांदेडास आली, पण यंत्रासाठीं दळून घेतलेल्या, म्हणजे संकलित, रूपांतच. २०२२ सालीं निघालेली २८ वी आवृत्ति बसविली आणि ती बंद पडली.

नवी आवृत्ति अलीकडील जुन्या आवृत्तींचें दळण सहसा चालविते. उलट होईलच असें नाहीं. बंधूंचें दळण तर फारच जुनें. संकलनाच्या वेळीं मॅक्रोंचा जो विस्तार होतो तो तसाच गोठतो. पुढें मूळ व्याख्या बदलली तरी त्यास पत्ता नसतो. मूळ लेख हातीं असता, तर पुन्हा संकलन करून बहुधा भागलें असतें.

तो अखेर लातूरच्या घरीं, वह्यांच्या गठ्ठ्यांत छापलेला सांपडला. उतरून घेतांना एका शब्दापुढें टीप दिसली: ‘हा आई म्हणे.’ अशा टीपा यंत्राच्या कामाच्या नसतात. संकलनांत त्या गळून जातात.

आज्ञावली आतां चालते. आईचा तो शब्द आम्ही मात्र पार विसरलों होतों. पीठ खुशाल दळावें. मूठभर बियाणें कणगींत राखावें.